लाइनअप, रोस्टर आणि बुलपेन : मेजर लीग बघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेजर लीग बेसबॉलमध्ये आज कोण खेळणार, कितव्या क्रमांकावर खेळणार (म्हणजे लाइनअप) आणि पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कधी काढणार, यावर १६२ सामन्यांच्या हंगामात रोज वाद होतो. त्या वादात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे नियम आहे तिथे नियम दिला आहे आणि जिथे आमचं मत आहे तिथे तसं म्हटलं आहे. ते मत थोडक्यात असं : चाहते फलंदाजीच्या क्रमावर जेवढं डोकं तापवतात, त्याच्या निम्मं लक्ष बाकावरच्या चार जागांकडे आणि बुलपेनकडे (राखीव पिचरांच्या ताफ्याकडे) दिलं, तर सामना कितीतरी जास्त कळतो.

संघात २६ खेळाडू असतात. मग ऐन वेळी बाकावर कोणीच उरत नाही, असं कसं?

२०२० पासून रोस्टर (खेळायला उपलब्ध खेळाडूंची यादी) २५ ऐवजी २६ जणांचा झाला. त्यात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात आणि बहुतेक संघ १३ ठेवतातच : साधारण ५ सुरुवातीचे आणि ८ बुलपेनमधले. उरले १३. त्यातले डीएच (पिचरच्या जागी फक्त फलंदाजी करणारा) धरून ९ जण मैदानात, म्हणजे बाकावर राहिले फक्त ४. या चौघांत एक राखीव कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा) असतो आणि त्याला मॅनेजर शेवटपर्यंत हात लावत नाही. खऱ्या अर्थानं वापरता येणारे तीनच : शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे) उभा राहू शकेल असा एक इनफिल्डर, बहुधा वेगवान असा एक आउटफिल्डर आणि एखादा फक्त बॅटसाठी ठेवलेला.

शिवाय बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. क्रिकेटमध्ये बदली क्षेत्ररक्षक दोन षटकं उभा राहून तंबूत परततो, तशी सोय इथे नाही. समजा सातवी इनिंग आहे, दुसऱ्या बेसवर धावपटू आहे आणि कमजोर फलंदाजी करणाऱ्या शॉर्टस्टॉपच्या जागी तुम्ही बॅटसाठी ठेवलेला खेळाडू पाठवला. त्यानं मारलं किंवा न मारलं, आठव्या इनिंगला शॉर्टस्टॉप कोण? त्यासाठी इनफिल्डरही वापरावा लागतो. एका बदलात दोन माणसं खर्ची पडली. ‘इथे पिंच हिटर (बदली फलंदाज) का नाही पाठवला?’ या प्रश्नाचं उत्तर निम्म्या वेळा इथेच सापडतं.

राखीव कॅचर चांगला मारतो, तरी त्याला पाठवत का नाहीत?

मुख्य कॅचरच्या बोटावर किंवा मास्कवर फाऊल चेंडू बसण्याची शक्यता रोजचीच. राखीव कॅचर आधीच वापरून झाला असेल, तर ताशी १५५ किलोमीटरच्या चेंडूंसमोर अशा माणसाला बसवावं लागतं, ज्यानं वर्षानुवर्षं कॅचरचा ग्लोव्ह घातलेला नाही.

तोच राखीव कॅचर डीएच म्हणून खेळत असेल तर आणखी एक गुंता होतो. मुख्य कॅचर जखमी झाला की डीएचला मैदानात यावं लागतं, संघ उरलेल्या सामन्यापुरता डीएच गमावतो आणि जखमी कॅचरच्या क्रमांकावर पिचरला फलंदाजी करावी लागते. तीन कॅचर ठेवणारा संघ हा धोका टाळतो, पण त्यासाठी बाकावरची एक जागा देतो. आमच्या मते दोन्ही कॅचर खरोखर चांगले मारत असतील, तरच तिसऱ्याची चैन परवडते.

ज्यानं चांगली कामगिरी केली त्याला खाली पाठवलं आणि वाईट खेळणाऱ्याला ठेवलं. हा कसला न्याय?

मार्चअखेर सर्वात जास्त संताप याच निर्णयावर होतो. कारण बहुधा एकच असतं : ऑप्शन.

२६ जणांच्या मागे ४० जणांची यादी असते. त्या ४० पैकी ज्याच्याकडे ऑप्शन शिल्लक आहे, त्याला संघ दुसऱ्या कोणाला न विचारता मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावर) पाठवू शकतो. साधारणपणे प्रत्येकाला असे तीन हंगाम मिळतात. ते संपले की त्याला खाली पाठवण्याआधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या २९ संघांना त्याला उचलायची संधी द्यावी लागते. मग संघ हिशेब करतो. ‘अ’ला खाली पाठवलं तर दोघंही आपल्याकडे राहतात. ‘ब’ला पाठवलं तर ‘ब’ गेलाच समजा. म्हणून ‘अ’ खाली जातो, भले त्यानं सरावात दुप्पट चांगलं मारलेलं असो. एप्रिल-मेपुरता हा हिशेब बरोबर ठरतो. पण जूनपर्यंत तोच ‘ब’ .१९० च्या सरासरीनं खेळत असेल आणि तरी ‘हातचा जाईल’ म्हणून धरून ठेवला असेल, तर ती निव्वळ भीती आहे. त्याला दुसरा संघ उचलेल अशी खात्री असती, तर त्याच्या बदल्यात काहीतरी आधीच मिळालं असतं.

बुलपेनमध्ये ऑप्शनचं महत्त्व आणखी वाढतं. सुरुवातीचा पिचर दुसऱ्या इनिंगलाच कोसळला आणि कोणीतरी चार इनिंग ओढून नेल्या, तर दुसऱ्या दिवशी तोच खाली जातो. त्यानं वाईट टाकलं म्हणून नव्हे, तर पुढचे तीन-चार दिवस त्याचा हात कामाचा नाही म्हणून. खाली गेलेला पिचर १५ दिवस आणि इतर खेळाडू १० दिवस परत येऊ शकत नाही. अपवाद एवढाच, की वरचा कोणी जखमी झाला तर आधी बोलावता येतं. २०२२ च्या करारानंतर एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा असं वरखाली करता येत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये बुलपेनकडे बघताना कोणाचे किती फेरे झालेत हेही मोजा.

‘डीएफए’ म्हणजे खेळाडूला काढून टाकलं का?

लगेच नाही. ‘डीएफए’ म्हणजे ‘डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’. त्याचं नाव ४० च्या यादीतून त्याच क्षणी निघतं आणि संघाला सात दिवस मिळतात : कोणाशी अदलाबदल करा, वेव्हर्सवर टाका किंवा सोडून द्या. कोणीही उचललं नाही, तर त्याला मायनर लीगमध्ये पाठवता येतं. मात्र ज्याची सेवा पाच वर्षांची झाली आहे, तो त्याला नकार देऊ शकतो.

नवीन माणूस आणायचा तर ४० मध्ये जागा लागते. म्हणून एखाद्याला ६० दिवसांच्या जखमींच्या यादीत टाकल्याची बातमी आली की त्याच दिवशी दुसरी बातमी शोधा. त्या यादीतला खेळाडू ४० मध्ये मोजला जात नाही. पिचरांची १५ दिवसांची आणि इतरांची १० दिवसांची यादी मात्र फक्त २६ मधली जागा मोकळी करते.

नोव्हेंबरमध्ये अनोळखी पोरांना ४० च्या यादीत का घेतात?

डिसेंबरच्या ‘रूल फाइव्ह’ निवडीपासून वाचवायला. १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करार झालेल्यांना पाच हंगाम आणि त्यानंतर करार झालेल्यांना चार हंगाम मोकळीक असते. मग ४० मध्ये नाव नसलं तर दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्यांना नेऊ शकतो. नेणाऱ्यावर अट अशी, की त्याला पूर्ण हंगाम मेजर लीग रोस्टरवरच ठेवायचं, नाहीतर परत द्यायची तयारी दाखवायची. योहान सँताना १९९९ मध्ये असाच मिनेसोटा ट्विन्सकडे आला. २००० चा अख्खा हंगाम त्यांनी त्याला सांभाळून घेतलं आणि २००४ व २००६ मध्ये त्यानं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. अशी उदाहरणं थोडी. बरेच जण हंगाम पूर्ण होण्याआधीच परत जातात, कारण २६ वी जागा वर्षभर अडवून ठेवणं स्पर्धेतल्या संघाला झेपत नाही.

तरुण खेळाडू तयार दिसतो, तरी एप्रिलचे दोन आठवडे त्याला खाली का ठेवतात?

सेवेचे दिवस. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे एक पूर्ण वर्ष आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. पहिल्या वर्षी १७१ दिवसच भरले, तर संघाला त्याचं जवळजवळ एक जास्तीचं वर्ष मिळतं. शिकागो कब्सनी क्रिस ब्रायंटला २०१५ मध्ये १७ एप्रिलला वर आणलं आणि त्याचे बरोबर १७१ दिवस भरले. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढच्या वर्षी एमव्हीपी (सर्वात मौल्यवान खेळाडू). त्यानं तक्रार लढवली, पण २०२० मध्ये निकाल संघाच्या बाजूनं लागला.

२०२२ च्या करारानं यावर थोडा उतारा काढला. नावाजलेला नवोदित खेळाडू सर्वोत्तम नवोदिताच्या पुरस्काराच्या मतदानात पहिला किंवा दुसरा आला, तर त्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. २०२४ मध्ये पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स ११ मे रोजी पहिल्यांदा खेळला, पुरस्कार जिंकला आणि त्याचं वर्ष पूर्ण धरलं गेलं. उलट सुरुवातीपासून वर ठेवलेल्या अशा खेळाडूनं पुरस्कार जिंकला, तर संघाला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) जास्तीची निवड मिळते. ज्युलिओ रॉड्रिगेझमुळे सिॲटलला ती मिळाली. आमचं मत स्पष्ट आहे : पोस्टसीझनच्या (ऑक्टोबरमधल्या बाद फेरीच्या) शर्यतीत असलेल्या संघानं तयार खेळाडू खाली ठेवू नये. एका विजयानं हुकलेला ऑक्टोबर सहा वर्षांनी भरून निघत नाही.

फलंदाजीचा क्रम खरंच किती महत्त्वाचा?

लोक समजतात त्यापेक्षा कमी, आणि ज्या कारणासाठी समजतात त्यासाठी तर नाहीच.

सामना शेवटी नऊपैकी कुठल्याही क्रमांकावर थांबू शकतो. म्हणून वरच्या क्रमांकाला खालच्यापेक्षा दर सामन्यात सरासरी एक-नवमांश संधी जास्त मिळते. १६२ भागिले ९ म्हणजे १८. एक क्रमांक वर सरकला की हंगामात साधारण १८ संधी वाढल्या. पहिला आणि नववा यांच्यात १४४ चा फरक पडतो. तुमचा सर्वोत्तम फलंदाज पाचव्या क्रमांकावर असेल, तर दुसऱ्याच्या तुलनेत त्याच्या ५४ संधी तुम्ही कमी चांगल्या फलंदाजांना वाटून टाकल्या.

आता तिसऱ्या क्रमांकाकडे बघा. जुन्या रिवाजानं इथे संघाचा सर्वोत्तम फलंदाज असतो. लीगमध्ये बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .३१० च्या आसपास असतं. पहिले दोघं तसे असतील, तर दोघंही बाद होण्याची शक्यता .६९ गुणिले .६९, म्हणजे सुमारे ४८ टक्के. जवळजवळ निम्म्या सामन्यांत तुमचा मोहरा पहिल्याच इनिंगला दोन बाद आणि बेस रिकामे असताना उभा राहतो. म्हणून आता सर्वोत्तम तिघं पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर दिसतात आणि तिसऱ्यावर त्यांच्याखालोखालचा.

हे सगळं जमवून आणलं तरी वाजवी क्रम आणि उत्तम क्रम यांच्यात अख्ख्या हंगामात साधारण १०-१५ धावांचा फरक पडतो. १० धावा म्हणजे अंदाजे एक विजय. मात्र वाजवी नऊ जण निवडले असतील, तरच एवढ्यावर भागतं. आठव्या क्रमांकावर कोण, यापेक्षा आठव्या क्रमांकावरचा माणूस संघात का आहे, हा प्रश्न जास्त मोलाचा.

.१९७ सरासरीचा माणूस पहिल्या क्रमांकावर?

फिलाडेल्फियाच्या काइल श्वार्बरबद्दल २०२३ मध्ये हाच आरडाओरडा होता. पण त्यानं त्या वर्षी १२६ वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा पहिला बेस) घेतले आणि ४७ होम रन मारले. बेसवर पोहोचण्याचं त्याचं प्रमाण .३४३ होतं, लीगच्या सरासरीपेक्षा बरंच वर. पहिल्या क्रमांकाचं काम बाद न होणं हे आहे. वेगानं पळणं हा वरचा नफा. होम रनच्या वेळी पुढे धावपटू नसतात ही तक्रार फक्त पहिल्या इनिंगला पूर्ण खरी. नंतर त्याच्या आधी आठवा आणि नववा येतात. म्हणून पहिल्याला असा फलंदाज असेल, तर नवव्याला सर्वात कमजोर माणूस ठेवू नका. तिथे बेसवर पोहोचणारा, पळणारा खेळाडू घाला.

२०२४ च्या जूनमध्ये मूकी बेट्स जखमी झाल्यावर लॉस एंजेलिस डॉजर्सनी शोहेई ओतानीला पहिल्या क्रमांकावर आणलं. तो हंगाम त्यानं ५४ होम रन आणि ५९ चोरलेल्या बेसवर संपवला.

डावखुरा-उजवा हा खेळ एवढा का खेळतात?

डावखुऱ्या पिचरचा वळणारा चेंडू डावखुऱ्या फलंदाजापासून दूर जातो आणि त्याला तो उशिरा दिसतो. उलट हाताच्या पिचरचा चेंडू बॅटकडे येतो.

२०२० पासून नियम असा : मैदानात आलेल्या पिचरला किमान तीन फलंदाजांना टाकावं लागतं किंवा इनिंग संपवावी लागते. जखम झाली तरच सूट. त्याआधी एका डावखुऱ्यासाठी डावखुरा पिचर आणून लगेच काढता येत असे. आता तीन डावखुरे लागोपाठ ठेवले, तर प्रतिस्पर्ध्याला एकाच पिचरमध्ये तिघांची सोय होते. मधे एक उजवा घातला की त्याला निवड करावी लागते. आठव्या इनिंगमध्ये हा क्रम पहिल्या इनिंगपेक्षा जास्त कामाला येतो, म्हणून लाइनअप वाचताना नावांआधी हात वाचा. नियमातली पळवाटही लक्षात ठेवा : दोन बाद असताना आणलेल्या पिचरनं तिसरा बाद केला की तो तिथेच मोकळा.

‘या पिचरविरुद्ध तो ९ पैकी ५ आहे’, तरी बाहेर का?

कारण ९ संधींतून काहीच सिद्ध होत नाही. .२५० चा साधा फलंदाज निव्वळ योगायोगानं ९ पैकी ५ किंवा जास्त हिट मिळवेल, याची शक्यता सुमारे ५ टक्के. त्यानं २० पिचरांना प्रत्येकी ९ वेळा तोंड दिलं असेल, तर त्यातल्या सरासरी एकाविरुद्ध असा आकडा निघणं अपेक्षितच. हे आकडे पडद्यावर छान दिसतात, पण त्यांच्या आधारानं लाइनअप करणाऱ्या मॅनेजरची आम्हाला काळजी वाटते. त्या पिचरची मुख्य अस्त्रं कोणती आणि तशा चेंडूंवर हा फलंदाज एकूण कसा खेळतो, हे बघणं जास्त उपयोगी.

उत्तम टाकत असलेल्या पिचरला का काढतात?

फलंदाज पिचरला जितक्या वेळा बघतात तितके ते त्याला जास्त मारतात. तिसऱ्या फेरीत हा फरक ठळक होतो : दम कमी झालेला असतो आणि प्रत्येक अस्त्र दोनदा पाहून झालेलं असतं.

सगळ्यात गाजलेला प्रसंग २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्याचा. टँपा बे डॉजर्सविरुद्ध १-० नं पुढे होतं. त्यांच्या ब्लेक स्नेलनं ५.१ इनिंगमध्ये (पाच इनिंग आणि एक बाद) ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) घेतले होते, २ हिट दिल्या होत्या, एकही वॉक नव्हता आणि चेंडू झाले होते फक्त ७३. बरोबर १८ फलंदाज झाले होते, म्हणजे दोन फेऱ्या पूर्ण. पुढचे तिघं बेट्स, सीगर आणि टर्नर. स्नेलसमोर तिघांचे मिळून ६ पैकी ६ स्ट्राइकआउट. मॅनेजर केव्हिन कॅशनं त्याला काढलं आणि निक अँडरसनला आणलं. बेट्सनं डबल (दोन बेसचा फटका) मारला, दोन धावा झाल्या आणि डॉजर्स ३-१ नं जिंकून विजेते झाले.

लोक आजही म्हणतात, ‘आकड्यांनी घात केला.’ आम्हाला ते अर्धवट वाटतं. तिसऱ्या फेरीचा नियम सरासरीचा आहे आणि त्या रात्रीचा स्नेल सरासरी नव्हता, हे खरं. पण मोठी चूक दुसऱ्या अर्ध्या निर्णयात होती. अँडरसन त्याआधीच्या लागोपाठ सहा सामन्यांत धावा देऊन आला होता. ‘काढावं का?’ हा प्रश्न एकटा कधीच नसतो. तो नेहमी ‘याच्यापेक्षा आत्ता येणारा बरा आहे का?’ असा असतो. त्या क्षणी अँडरसन बरा नव्हता.

सर्वोत्तम क्लोझर (सामना संपवायला येणारा पिचर) बुलपेनमध्ये बसून राहिला आणि सामना गेला. याला काही समर्थन?

नाही. २०१६ च्या अमेरिकन लीगच्या वाइल्ड कार्ड सामन्यात बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन असाच बसून राहिला. त्या हंगामात त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ०.५४ होता आणि ४७ पैकी ४७ सेव्ह (आघाडी टिकवून संपवलेले सामने). सामना टोरंटोत, बरोबरीत, हरलेला घरी जाणार. आघाडी मिळाल्यावर ब्रिटनला आणायचं म्हणून मॅनेजर बक शोवॉल्टर थांबले. ११ व्या इनिंगला उबाल्डो हिमेनेझच्या चेंडूवर एडविन एनकार्नासिओननं तीन धावांचा होम रन मारला आणि ५-२ नं सगळं संपलं. पाहुण्या संघाला बरोबरीत नवव्या इनिंगपासून एकही धाव देणं परवडत नाही, कारण ती शेवटची असते. सर्वात अवघड क्षणाला सर्वोत्तम पिचर, मग सेव्ह मिळो न मिळो.

नेहमीच्या हंगामात अशी टीका करण्याआधी काय तपासावं?

आधी मागच्या तीन दिवसांचे बॉक्स स्कोअर (सामन्याचे तपशीलवार आकडे) उघडा. लागोपाठ दोन दिवस टाकलेला किंवा काल ३० च्या आसपास चेंडू टाकलेला रिलिव्हर (बुलपेनमधला पिचर) आज बहुधा उपलब्ध नसतो आणि मॅनेजर ते आधी जाहीर करत नाही. मग पुढचे तीन फलंदाज कोण आणि कुठल्या हाताचे, ते पाहा. शेवटी बाकावर कोण उरलं होतं ते. कॅमेऱ्यात बुलपेन दिसलं तर तिथेही नीट बघा : दोनदा गरम होऊन दोन्ही वेळा खाली बसलेल्या पिचरचा हात बॉक्स स्कोअरमध्ये न दिसता दमलेला असतो.

रविवारी मुख्य कॅचर का नसतो?

शनिवारी रात्री सामना आणि रविवारी दुपारी पुन्हा सामना. गुडघ्यांना मधे पुरते पंधरा तासही मिळत नाहीत. ही विश्रांती आहे, शिक्षा नव्हे.

चुकीच्या क्रमानं फलंदाज आला तर?

पंच स्वतःहून काही बोलत नाहीत. चुकीच्या फलंदाजाची पाळी संपल्यावर, पुढचा चेंडू पडण्याआधी प्रतिस्पर्ध्यानं दाद मागितली, तर ज्याची पाळी होती तो बाद धरला जातो आणि त्याच्यानंतरचा खेळायला येतो. चेंडू पडून गेला की चूक माफ. म्हणून शहाणा मॅनेजर चुकीच्या माणसाला आधी खेळू देतो आणि तो बेसवर पोहोचला तरच पंचांकडे जातो.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे नियम वेगळे का?

१ सप्टेंबरपासून रोस्टर २८ चा होतो, त्यात पिचर १४ पर्यंत. २०२० च्या आधी ४० च्या ४० जण बोलावता येत. पोस्टसीझनला पुन्हा २६, पण प्रत्येक मालिकेआधी यादी बदलता येते. मधे सुट्टीचे दिवस असल्यानं पाचवा सुरुवातीचा पिचर बहुधा बुलपेनमध्ये जातो किंवा वगळला जातो. त्या जागेवर खास पळण्यासाठी माणूस घेतला तर नवल नाही : नवव्या इनिंगची एक चोरलेली बेस मालिका फिरवू शकते. मालिका चालू असताना जखमी म्हणून काढलेला खेळाडू पुढच्या फेरीतही खेळू शकत नाही, म्हणून दुखऱ्या स्नायूचा स्टार यादीत घेणं हा दोन मालिकांचा जुगार असतो.

भारतातून लाइनअप कधी बघावी?

संघ साधारण सामन्याच्या तीन-चार तास आधी ती जाहीर करतात. न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७:०५ चा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे ४:३५ ला सुरू होतो, म्हणजे लाइनअप रात्री साडेबारा ते दीडच्या सुमारास कळते. पश्चिम किनाऱ्यावरचा ७:१० चा सामना सकाळी ७:४० ला. पहाटे उठल्यावर लाइनअप पुन्हा एकदा तपासा. सरावात कोणाची पाठ धरली, तर शेवटच्या तासात नाव बदलतं.